वजन ओळखा

काकडीची मगर रात्रीतून मऊ पडली.
तेगिद तिला मांडीवर घेऊन गाडीत बसला,
दात म्हणून टोचलेल्या लवंगा पुन्हा पुन्हा बसवत.
"मेली का ही?" माबलीनं विचारलं.
"झोपलीय," गेथिन म्हणाला, आणि त्यालाच जांभई आली.
दुधाच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो सहाला घरी आला होता.
आठला आम्ही निघालो.

वेल्समधल्या ऑगस्टला उन्हाळा म्हणायचं
ते निव्वळ कॅलेंडरच्या भिडेखातर.
कुरणाच्या फाटकाशी एक म्हातारा भिजत तिकिटं फाडत होता.
पोरांना फुकट, म्हणाला, कुत्र्यालाही फुकट.
मग वाकून गाडीत पाहिलं. "आणि नेल कुठंय?"
"दिली," गेथिन म्हणाला. "मेंढरांबरोबरच."
म्हाताऱ्यानं पुढं काही विचारलं नाही,
तिकीट मात्र जरा जपून फाडलं.

तंबूत तुडवलेल्या गवताचा आणि जॅमचा वास.
लीक, म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याची थोरली बहीण,
पांढऱ्या कापडावर ओळीनं निजवलेली,
आणि तीन गंभीर माणसं टेपनं त्यांची उंची घेताहेत,
जसं काही सोमवारी शाळेत घालायचंय.

भाजीचे प्राणी, वय वर्षं आठच्या आत:
बटाट्याचा साळिंदर पहिला,
वांग्याचा पेंग्विन दुसरा,
मगर तिसरी.
स्पर्धेत होते तिघंच.
हे आम्ही तेगिदला सांगितलं नाही,
आणि आपल्याला मोजता येतं हे त्यानं आम्हाला सांगितलं नाही.
पिवळं कार्ड छातीशी धरून तो चिखलातून चालला
वरातीतल्या नवरदेवासारखा.

मग तो मेंढा.
वजन ओळखा, पन्नास पेन्स, बक्षिसाला खाऊची टोपली.
लाकडी चौकटीत उभा, पिळाच्या शिंगांचा,
लग्नघरात पंगत लांबलेल्या सासऱ्यासारखा.
तेगिदनं लिहिलं: हजार.
मी साठ, कारण मी पोरं उचलते, मेंढे नाही.
माबलीनं एक गोल काढला, त्याला पाय काढले.
गेथिननं काहीच लिहिलं नाही.
त्यानं पाठीवरच्या लोकरीत हात घातला,
बोटं दिसेनाशी झाली, मग मनगट,
आणि हात तिथंच राहिला.
मागं रांग वाढली. कुणीतरी खाकरलं.
बाही ओढावी का त्याची, की राहू द्यावं,
माझं काही ठरेना.
"ब्याण्णव," तो म्हणाला. कुणाला? मेंढ्यालाच असेल.
आणि बाजूला झाला.

दुपारी माबलीचा एक बूट चिखलानं ओढून घेतला, तो दिलाच नाही.
चिप्स ओल्या झाल्या, तरी संपल्या.
पाळण्यात तेगिदला भीती वाटली नाही, म्हणून तो तीनदा सांगत राहिला.
फळ्यावर आकडा लागला, ब्याण्णव,
आणि टोपली गेली नव्वद लिहिणाऱ्या एका पाहुण्या बाईला.
मी गेथिनकडं पाहिलं. तो कातरणीवाल्यांकडं पाहत होता.

परतताना गाडी रुतली.
चाकं जागच्या जागी फिरत राहिली, काचा चिखलानं माखल्या.
ट्रॅक्टर घेऊन आला तो इद्वाल,
आमचं वरचं कुरण आता ज्याचं आहे.
साखळी अडकवताना दोघं एकमेकांशी हवामानावर बोलले,
आणि हवामान तर समोरच कोसळत होतं.
तेवढ्यात ट्रॅक्टरच्या केबिनमधून काळंपांढरं काहीतरी
उडी टाकून थेट आमच्या मागच्या सीटवर.
नेल.
चिखलासकट पोरांच्या मधोमध, तिच्या जुन्या जागेवर.
तेगिद ओरडायच्या आत तिनं मगर खाल्ली,
तिसऱ्या बक्षिसाची, शेपटीपासून.
लवंगा तेवढ्या थुंकल्या.

माबली हसली, मग तेगिद, हो-नाही करत,
मग पुढच्या सीटवरून एक आवाज आला,
तो मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.
"खाली उतर" असं नेलला कुणीच म्हणेना.
गाडी केव्हाची बाहेर निघाली होती.
इद्वालनं साखळी गुंडाळली, चढून बसला,
आणि ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं,
घाई नसल्यासारखं.