हिरवं कांकण

दुखतंय किती ते सांगा, म्हटलं, एक ते दहा.
युए-शिया म्हणाली, दहाच्या पुढे काय असतं?

हात मात्र साधाच दिसत होता.
मनगटाशी जरा लाली,
तर्जनीवर शिंपल्यानं काढलेला
केसाएवढा ओरखडा.
तोंगशीच्या खाडीवर चाळीस वर्षं कालवं फोडतेय,
असे हजार झाले असतील;
थुंकी लावायची आणि पुढचं उचलायचं.

मी निळ्या पेनानं लालीची कड आखली,
शेजारी वेळ लिहिली: चार दहा.
चार पन्नासला ती रेघेच्या पलीकडे होती,
रात्रीतून बांध कोरणाऱ्या भाऊबंदासारखी,
मागे जांभळे फोड ठेवत.
दुसरी रेघ.
तिसरी, कोपराच्या वर: पाच पस्तीस.

सप्टेंबरचं कोमट खारं पाणी,
तिचं आधीच थकलेलं यकृत,
आणि त्यात हा व्हिब्रिओ,
स्वल्पविरामासारखा वाकडा
आणि पूर्णविरामाची घाई झालेला.

डॉक्टर ज्यान आले, दाबून पाहिलं, म्हणाले,
प्रयोगशाळेचं उत्तर परवा येईल,
हात परवापर्यंत थांबणार नाही.
सेफ्टाझिडिम शिरेतून, सोबत डॉक्सीसायक्लिन,
आणि थिएटर उघडा.
औषध रक्ताच्या वाटेनं जातं.
जिथे रक्तच पोचत नाही
तिथे सुरीनं जायचं.

कांकण निघेना.
जेडचं, लग्नातलं, सुजेत रुतलेलं.
साबण झाला, तेल झालं.
शेवटी टॉवेलात गुंडाळून हातोडी मीच मारली.
आवाज अगदी लहान झाला,
तरी दाराबाहेर तिच्या नवऱ्यानं मान वळवली.

आत,
पिकल्या पपनसाच्या फोडीवरचा पापुद्रा
बोटानं सुटावा
तसं कातडं मांसापासून सुटत गेलं.
रक्त नाही.
भांडी विसळून उरतं तसलं करडं पाणी.
डॉक्टर कापत गेले, कापत गेले,
लाल दिसलं तेव्हा कुणीतरी नुसतं “हं” म्हणालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा.
दोन बोटं गेली.
मांडीची कातडी हातावर आली.

पौर्णिमेच्या रात्री नवऱ्यानं खाटेपाशी पपनस सोललं,
एक फोड माझ्यापुढे धरली.
मी नको म्हटलं. कारण सांगितलं नाही.
कांकणाचे तीन तुकडे त्यानं लाल कापडात बांधले होते.
तिच्यावरचं यानं स्वतःवर घेतलं, तो म्हणाला.
औषधांची नावं माझ्या ओठांवर आली होती,
पण हातोडी मारणारी मीच, काय बोलणार.

युए-शिया हिशेबात गुंतलेली.
डाव्या हातानं सुरी धरायला किती दिवस लागतील?
हातमोजे घातले तर कालव निसटतं, ठाऊक आहे ना?
घाला, म्हटलं, निसटू दे.

पहिल्या दोन रेघा कातडीबरोबर गेल्या.
तिसरी राहिली आहे, दंडावर,
माझ्याच अक्षरात: पाच पस्तीस.
स्पिरिटचा बोळा घेऊन गेले तर म्हणाली,
राहू दे ती,
तिथवर माझं आहे.