खुंटउपाड

सारंगखेड्याच्या बाजारात
घोड्याचे दात नंतर बघतात, आधी भोवरे.
गळ्याखाली देवमण असला तर घरात लक्ष्मी.
पायावर वर तोंड करून बसलेला भोवरा
म्हणजे खुंटउपाड,
मालकाचा खुंटाच उखडतो म्हणे.

आमचे आबा, सुपडू लोटन,
भोवरे बोटांनी वाचतात, अंधारातसुद्धा.
मी अमळनेरला तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झाले
आणि सुट्टीत त्यांच्या घोड्यांना चंदी घालते.

त्या साली एक कुमैत घोडी आली. भल्या पहाटे.
दलाल म्हणाला, तीन मालक खाल्ले हिने.
शिरपूरवाल्याचं दुकान जळालं,
दोंडाईच्याच्याची खळ्यावर मिरची सडली,
तिसऱ्याचा पोरगा सुरतेला गेला
तो गेलाच.

मी विचारलं, देवमणवाल्यांची दुकानं
जळतच नाहीत का? कोणी मोजली?
आणि सुरतेला गेलेली आपली सगळी पोरं
काय हिच्याच पाठीवर बसून गेली?

दलाल हसला.
"धूर आहे ताई, म्हणजे विस्तव असणारच."
मी तापीकडे पाहिलं.
पाण्यावरून पांढरं काहीतरी वर चढत होतं.
खाली विस्तव नव्हता.
थंडी होती.

आबांनी मला बाजूला घेतलं.
"तुनं खरं शे. पन गिऱ्हाइकले कोन सांगी?"
आणि निम्म्याहून कमी भावात घोडी घेतली.

भाकीत खरं कसं होतं ते तेव्हा कळलं.
भोवरा दिसतो, म्हणून तिला कोणी ठेवत नाही.
ठेवत नाही, म्हणून ती या खुंट्यावरून त्या खुंट्यावर.
आणि पडत्या भावात विकणारा दर वेळी म्हणतो,
बघा, बुडालो की नाही मी?

रात्री वारा सुटला. नदीकाठची भुसभुशीत माती.
चार जनावरं खुंटे उपटून पळाली.
त्यात एक देवमणाचा, दुधासारखा,
सात लाखांची बोली लागलेला,
पुलापलीकडे सापडला.
सकाळी चहाच्या टपरीवर
नाव एकाच घोडीचं.
चार होती, मी म्हणत राहिले, चार.
कोणीतरी माझ्यापुढे कप सरकवला.

संध्याकाळी तिला बांधताना खुंटा ठोकला.
मग इतरांचे ठोकले, सारखेच, मोजून.
मग परत तिच्याकडे आले
आणि आणखी तीन घाव घातले.

आबा बिडी ओढत बघत होते.
काही बोलले नाहीत.