चौथ्या दिव्यापाशी

किल्ला खोटा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.
फायबरग्लास, पोलाद,
दर फेब्रुवारीत नवा रंग.
ऑरिननं जन्मभर लोकांच्या घरांत वायरी ओढल्या;
तो सांगेल कुठल्या छपरावरून कुठला प्रोजेक्टर रोखलाय
आणि त्यातला कुठला गेल्या उन्हाळ्यापासून कण्हतोय.
तरी नऊला पाच कमी असताना
टोपी काढून छातीशी धरतो, तोही तोच.

फ्लॉरिडाची रात्र.
ओलं फडकं अंगावर टाकावं तशी हवा,
तळ्याकडून डास,
बाबागाडीत झोपलेलं कुणाचं तरी पोर, मुठीत आइस्क्रीमची नुसती काडी.
आम्ही डावीकडून चौथ्या दिव्यापाशी.
ही जागा कुणी आमच्या नावावर केलेली नाही,
पण सहा वर्षं सातबारा आमचाच.

येसेनिया वही आणते.
तीत दुसरं काही नाही:
तारीख, आणि त्या रात्री धूर कुठे गेला.

तिसऱ्या मनोऱ्याची एक खिडकी
उजेडाला कधीच नीट सापडली नाही.
चित्रातला वेल भिंतीवर चढत येतो, पानं उलगडतो,
आणि तिथे बोटभर चुकतो.
फूल विटांवर, खिडकीत अंधार.
नवख्यांना दिसत नाही.
आम्ही तेवढ्यासाठी थांबलेले असतो.
चुकला, की हळूच टाळ्या.

व्हर्लीन येते हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत.
तिची रात्रपाळी दहाची.
बारा मिनिटं बघते;
जांभळा पाऊस पडून गेला की पर्स खांद्यावर,
"उरलेलं उद्या सांगा,"
आणि गर्दीतून उलटी वाट काढत जाते.
सहा वर्षांत तिनं शेवट पाहिला नाही.
आम्ही सांगायचो. जमायचं नाही.
मग सोनेरी, म्हणायचो,
मग... सगळंच.

काल शेवटचा खेळ होता.
पुढच्या आठवड्यात नवा. नवी यंत्रं,
खिडकीसुद्धा दुरुस्त होणार म्हणे.
दुपारपासून माणसांनी दगड न् दगड धरून ठेवलेला.
माझ्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ,
डेट्रॉइटहून एकटाच गाडी हाकत आलेला,
रडत होता,
आणि दोन्ही हातांत पॉपकॉर्न, म्हणून पुसता येईना.
येसेनियानं त्याची एक बादली धरली.

"आज तरी रजा काढायचीस," मी व्हर्लीनला म्हटलं.
"वॉर्डात दोघी आजारी आहेत. मला बारा मिनिटं पुरतात."

वेल चुकला.
या वेळी टाळ्या हळू नव्हत्या.
जांभळा पाऊस पडला.
तिनं पर्स उचलली.

ऑरिननं टोपी डोक्यावर चढवली
आणि तिच्या मागे चालू लागला.
काही बोलला नाही.
येसेनियानं वही मिटली. मग मीही.
हजारो चेहरे आमच्याकडे तोंड करून,
हिरवे होत, लाल होत,
आम्हाला बाजूला व्हा म्हणत.

वाहनतळ. बगळा विभाग, सत्ताविसावी रांग.
किल्ला दिसत नाही तिथून.
पाइनच्या झाडांची काळी कड, वर मोकळं आभाळ.
आणि एकाएकी, अजून आवाज यायचाच होता तेव्हा,
समोरच्या प्रत्येक गाडीच्या काचेत
एकेक सोनेरी झाड उगवलं,
वाकलं,
बॉनेटवरून खाली ओघळलं.
मग धमाका, थेट बरगड्यांत.
मग गाड्याच केकाटू लागल्या,
एकीचं ऐकून दुसरी,
एवढ्या मोठ्या डांबरावर माणूस एक नाही
आणि सगळ्यांचे दिवे लुकलुकताहेत.

व्हर्लीन किल्ली हातात धरून उभी.
"हे रोज असंच?" ऑरिननं विचारलं. ओरडूनच विचारावं लागलं.
"रोज."
"कधी बोलली नाहीस."
"तुम्ही मला शेवट सांगत होतात," ती म्हणाली,
"मध्येच कसं तोडायचं?"

ती गेली, चार मिनिटं उशिरा.
येसेनियानं कुणाच्या तरी टपावर वही ठेवून लिहिलं:
धूर वाहनतळाकडे.
मग खोकली, आणि पुढे लिहिलं:
आम्ही आत.