दहा किलोच्या खाली

माझा काटा साठ टनांचा.
सावदा-फैजपूर रस्त्यावर, केळीच्या दोन बागांमध्ये
लोखंडी चौथरा आणि एक काचेची खोली.
भरलेली गाडी चढते, लाल आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती फाडतो.
दिल्लीची केळी, श्रीनगरची केळी.
दहा किलोच्या आतलं माझ्या काट्याला कळत नाही.
वाटेत घडातली फणी गळून पडली
तरी त्याला पत्ता नसतो.

माझी मुलगी तीन किलो सातशे.

हे जैतूनबाई तडवींनी सांगितलं,
अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेल्या काट्यावरून.
निळ्या झोळीत रेवा, पाय बाहेर, मुठी बंद.
रडली की काटा नाचतो,
म्हणून सगळ्या बाया श्वास धरून उभ्या.
महिन्यात फक्त तीनशे ग्रॅम.
जैतूनबाईंनी कार्डावर ठिपका दिला
हिरव्याच्या खाली, पिवळ्यात.
पेन इतकं हलकं टेकवलं
जणू जोर दिला तर पोर अजून खाली जाईल.

मग सगळी गल्ली तोलायला बसली.
केशरकाकू म्हणाल्या, "दूधच पातय असीन तुह्यं."
माझी आई म्हणाली, "हा बी असाच व्हता, काडीवानी.
आंग धरीन पोरगी, घाई नका करू."
आणि त्रेचाळीस अंशात डिंकाचे लाडू वळायला घेतले.
जागृती कूलरकडे पाठ करून बसली, पदराखाली पोर,
घामाघूम, गप्प,
एकेक लाडू औषधासारखा गिळत.

मला एकच गणित येतं: भरलेली वजा रिकामी.
किराण्यावाल्याकडून छोटा काटा मागून आणला,
परातीत दुपटं टाकलं.
पाजण्याआधी रेवा. पाजल्यावर रेवा.
चाळीस ग्रॅम. तीस. पहाटे चारला वीस,
आणि तेही माझ्याच खांद्यावर ओकली.
सगळं वहीत.
चौथ्या रात्री जागृती म्हणाली,
"गाडी आहे का ती?"
काटा परत दिला.
वही अजून गल्ल्यात आहे.

भुसावळच्या डॉक्टरीणबाईंनी
मला एकही आकडा विचारला नाही.
दिवसातून किती दुपटी ओली होतात?
दिव्याकडे बघते? आवाजाला दचकते?
तुमच्याकडे बघून हसली का कधी?
मी जागृतीकडे पाहिलं.
तिला सगळं माहीत होतं.
दोन महिन्यांत मी एवढं बघितलं नव्हतं,
बघत होतो ते कार्ड.
त्यांनी पोर छातीशी कशी धरायची ते दाखवलं,
जरा तिरकी, हनुवटी आत,
आणि दोन आठवड्यांनी या म्हणाल्या.

येताना डबा न्यायला काट्यावर थांबलो.
संध्याकाळ, एकही गाडी नाही, चौथरा अजून तापलेला.
जागृती काचेआड माझ्या खुर्चीत बसली.
"उभे राहा बघू एकटे." साठ.
"आता तिला घ्या."
रेवाला उचललं. आकडा थरथरला. थांबला.
सत्तर!
"दहा किलोची झाली हो पोरगी!"
ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला,
मग पदर लवकर काढलाच नाही.
मी तसाच उभा, बुटांतून चटका लागतो आहे,
पोर माझ्या खिशातलं पेन ओढते आहे.

काटा असाच बोलतो, मला ठाऊक आहे.
माझे बासष्ट तो साठ करतो,
पोरीला धरलं की पासष्टच्या वर जातो
आणि थेट सत्तर म्हणतो.
तरी जागृतीने पावती काढली.
गाडी नंबर: रिकामा.
माल: रेवा.
निव्वळ वजन: १० किलो.
दोन घड्या घालून ती पिवळ्या ठिपक्याच्या कार्डात ठेवली.

उद्या गुरुवार.
निळी झोळी धुऊन वाळत असेल.
आत्ता रात्रीचे अडीच, मी काट्यावर,
हरियाणाची एक गाडी चढली आहे.
केबिनमध्ये क्लीनर कूस बदलतो,
आकडा पुन्हा हलतो.
थांबू दे त्याला.
फोनवर जागृतीचा निरोप आलाय:
आत्ता वीस मिनिटं प्यायली, आवाज करत.
मी तो वहीत लिहीत नाही.
पुन्हा एकदा वाचतो.