रकाना सात

कळंबच्या सेतू केंद्रात दुपारी लाईट गेली
तेव्हा अर्ज रकाना सातवर अडला होता:
‘लाभार्थ्याचा स्वहिस्सा, रुपयांत.’
आजची शेवटची तारीख.
माझ्या मांडीवर चौदा आधार कार्डांच्या झेरॉक्स,
बचत गटाचा ठराव,
नवऱ्यांच्या नावाचे सातबारे,
आणि साखरेच्या रिकाम्या पिशवीत
प्रयागबाई डोंगरेंची दोरी.

दोरीचं आधी सांगते.

दर बेस्तरवारी मी कोठाळवाडीच्या समाजमंदिरात
शेतीशाळा घेते.
पहिल्या दिवशी शिकवला पाण्याचा ताळेबंद:
पडलं किती, मुरलं किती, वाहून गेलं किती,
उरल्यात कोणत्या पिकाचा घास केवढा.
फळ्यावर तालुक्याची सरासरी मांडली
तशी मागच्या सतरंजीवरून आवाज आला,
“तालुक्याचं तालुक्याला सांगा, बाई.
आमच्या इहिरीचं मला इचारा.”

पुढच्या बेस्तरवारी ती दोरी घेऊन आली.
जुन्या लुगड्यांचे काठ वळून केलेली,
हातभर अंतरानं गाठ,
टोकाला तराजूतलं अर्धा किलोचं वजन,
शिक्का पुसलेला.
सोबत अकरा कॅलेंडरं.
प्रत्येक अवसेच्या चौकटीत उभ्या रेघा,
जितक्या गाठी कोरड्या निघाल्या तितक्या.

“कुणी सांगितलं होतं मोजायला?”
“कुणी कशाला सांगाय पायजे?
लेकरू तापलं की कपाळाला हात लावताव का नाई आपण?”

त्या रात्री मी रेघा वहीत उतरवल्या.
एका कॅलेंडराला एक ओळ, एका अवसेला एक टिंब.
पहिली पाच वर्षं विहीर चैत्रात तळाला जायची.
सहाव्यापासून फाल्गुनात.
मग माघात.
पाऊस तर मधे दोन वर्षं बरा झाला होता,
त्या वर्षीही माघातच.

शाळेत वही उघडून विचारलं,
सहाव्या वर्षी गावात काय झालं?
कुणी वाळूचं नाव घेतलं, कुणी बोअरचं,
कुणी वरच्या शिवारातल्या पाटलाचं.
प्रयागबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.
“त्या साली ऊस आला,” ती म्हणाली.
“पहिला माझाच. दीड एकर.
मग बघून बघून समद्यांनी लावला.”

कुणी काही बोललं नाही.
बाहेर रियाजच्या शेळ्या
समाजमंदिराची पायरी चाटत होत्या.

तिनं यंदा खोडवा ठेवला नाही.
मुळ्या उपटून बांधावर टाकल्या,
तिथं करडई आहे आता, पोटरीएवढी, काटे धरू लागलेली.
कारखान्याचा स्लिपबॉय दोनदा येऊन गेला.
पोरगा महिनाभर आईशी बोलला नाही,
मग एक दिवस आपणहून
पर्जन्यमापकाचा खांब रोवायला आला.

हा अर्ज त्याच्या पुढचा.
चौदा जणींच्या शेतात ठिबक,
गावच्या बियाण्याची कोठी,
आणि शाळेचं आणखी एक वर्ष.
दुष्काळात तग धरण्यासाठीचा निधी,
असं वरती ठळक अक्षरात आहे.
खाली रकाना सात.
त्यात फक्त अंक चालतात.
अकरा वर्षांच्या अवसा चालत नाहीत.
दीड एकर उसाचे न आलेले पैसे
मी दोनदा टाईप करून पाहिले,
दोन्ही वेळा चौकट लाल झाली.

पाच वाजून दहा मिनिटांनी पंखा फिरला.
“मॅडम, काय टाकू?” ऑपरेटर म्हणाला,
“सहाला साईट बंद.”

मी फोन लावला. पलीकडे वारा,
कुणाला तरी हाकलल्याचा आवाज, मग ती.
“पाच हजार टाक. गटाच्या पेटीत हायेत.”
“आणि दोरीचं? वेगळा कागद जोडते,
मोजमापाची किंमत धरा म्हणते.”
“दोरीचं काई टाकू नको, माय.
न्याचे न्या म्हणले तर?
परवा अवस हाय, लागती मला.”

पावती निघाली: अर्ज विचाराधीन.
तीवरची शाई वाळायची होती.
मी ती दोन बोटांत धरून
मुक्कामी गाडी गाठायला पळाले,
पिशवीतलं अर्धा किलो
दर पावलाला गुडघ्यावर आपटत.