सुटण्याचा कोन

पहाटे चारला, तिबिलिसीत अजून अंधार असताना,
नेस्तान भट्टीत वाकते
कमरेपर्यंत, एक पाय हवेत,
आणि ओली कणीक नावेसारखी ताणून
आतल्या भिंतीवर थापते.
म्हातारा गुराम ओरडतो, "हात आधी काढ,
विचार नंतर कर."

नंतर म्हणजे नऊला.
मृदा यांत्रिकीचा तास,
भुवया करपलेल्या, वहीत पीठ.
सर फळ्यावर उतार काढतात:
माती किती तिरकी झाली की सुटते.
नेमकी तिथेच तिला डुलकी लागते.

मैत्रिणी पोलंडचे अर्ज भरतायत.
तिचाही अर्धा भरलाय.
पाच वर्षांनी कुठे असाल, या रकान्यात
तिने लिहिलं होतं, धरणावर.
मग खोडलं. मग लिहिलं, क्राकूव.
मग मोबाईलची बॅटरी गेली.

पगारातून खोलीचं भाडं गेलं,
आईचं औषध गेलं.
उरलं ते मोजायला
इंजिनियर लागत नाही.

आज एक पाव भिंतीवरून निसटून
थेट निखाऱ्यात पडला,
आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं,
"घर्षण कमी पडलं."
"काय?" गुरामने विचारलं.
"काही नाही.
पाणी जास्त झालं होतं."