तेलाचा डाग

खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोलीत
मांद्रेकरांचे तीन ट्रक विकले गेले.
चौथ्याला गिऱ्हाईक आलं नाही.
तो बाहेर विटांवर उभा आहे, चाकांशिवाय,
आणि त्याच्या जागेत आम्ही नाचतो.

भाडं महिना चार हजार. पंखा आमचा, वीज त्यांची.
पहिल्या दिवशी फरशीतून खनिजाची लाली निघेना.
डिटर्जंट, रॉकेल, लिंबू,
सेवेरिनच्या आईने सांगितलेली माडाच्या चुडतांची राख.
लाली थोडी हटली.
मधोमध इंजिन ऑइलचा डाग मात्र तसाच,
परातीएवढा, दमट दिवसांत घामेजणारा.
उर्वी त्याच आठवड्यात त्यावरून घसरली.
एक्स-रे, सहाशे. वहीत आहेत.

वहीत सगळं आहे.
डावीकडे जमा:
कांदोळीच्या हॉटेलात दिल्लीवाल्यांचं लग्न,
नवऱ्याच्या सात मामांना
एकाच वेळी उजवा हात वर करायला शिकवलं.
पाच मामांना जमलं.
त्यात जून निघाला, जुलै, आणि ऑगस्ट अर्धा.

उजवीकडे नावे.
हिशेबातली, आणि माणसांचीही.
पुंडलीक, बसवर कंडक्टर, ड्युटी बदलून येतो,
त्याचे दीड हजार मार्चपासून.
विषय काढला की म्हणतो, राहूं दी गो.
हा सूर मी ओळखते,
माझीही काही वर्षं त्याच सुरात गेलीत.

अनुदानाच्या अर्जात एक रकाना आहे:
संस्थेची पुढील पाच वर्षांची उद्दिष्टे.
मी लिहिलं, पाच वर्षं.
मग खोडून
सुवाच्य अक्षरात दुसरं काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी मांद्रेकर येतात, जुन्या टायरवर बसतात.
भाड्याचं विचारत नाहीत.
विचारलं असतं तर बरं.
एकदा म्हणाले, ती पोरं तिथं वळतात ना,
माझा ड्रायव्हर अशीच गाडी काढायचा,
खड्ड्याला चाक न लावता.
तो आता कुठे असतो, मी विचारलं.
त्यांनी टायरवरची माती नखाने खरवडली.

नोव्हेंबरात पणजीला प्रयोग.
प्रेक्षक एक्केचाळीस, त्यांत अकरा नातेवाईक.
जमीन काळी, सपाट, नवी कोरी.
विसाव्या मिनिटाला चौघं कोपऱ्यातून धावत आली
आणि ऐन मध्यावर फुटली,
ओहोळ दगडाशी फुटतो तशी,
पलीकडे पुन्हा एक.
हे मी बसवलेलं नव्हतं.
विंगेत उभी राहून पाहिलं:
तिथे काहीच नव्हतं
आणि चौघांचे पाय ते चुकवत होते.

नंतर खांद्याला झोळी लावलेले एक गृहस्थ
हळू आवाजात म्हणाले,
ती मधली रिकामी जागा, कोणी गेलंय का?
की ती भूमी? पोखरलेली?
पुंडलीक माझ्याकडे बघत राहिला.
हो म्हटलं असतं तर अर्जात शोभलं असतं.
ऑइल आहे, मी म्हणाले.
त्यांनी मान डोलावली, फार समजल्यासारखी.

टेम्पोत सामान चढवताना
मांद्रेकर दिसले, इस्त्रीच्या शर्टात.
आम्हाला न सांगता आले होते, तिकीट काढून.
ट्रकचं काही बोलले,
भंगारवाला येऊन बघून गेला म्हणून,
मग म्हणाले, तिकिटाचे दोनशे
भाड्यातून वजा करून घ्या.

सेवेरिन गुंडाळलेल्या मॅटवर झोपला.
म्हापशापर्यंत मी मांडीवर वही उघडून बसले,
खड्ड्यांनी अक्षर हललं.
टेम्पो अठराशे.
भाजीपाव एकशे साठ.
पुंडलीक, मागील बाकी.
मांद्रेकरांचे दोनशे
जमेला धरावेत की नावे टाकावेत, कळेना.
उद्या किती वाजता, उर्वीने अंधारातून विचारलं.
सहाला, मी म्हणाले.
आणि येताना झाडू आण, आपला मोडलाय.